पाच वर्षांचा उंबरठा: लक्ष्मीबाई टिळकांचे संथ धर्मांतर (थ्रेड)

१/
१० फेब्रुवारी १८९५. मुंबईत नारायण वामन टिळक या तरुण कवीने बाप्तिस्मा घेतला. ही तारीख मराठी साहित्याच्या आणि ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात ठळकपणे नोंदलेली आहे. त्याच घरातील दुसऱ्या व्यक्तीचे, म्हणजे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे धर्मांतर मात्र एका तारखेत मावत नाही. बाप्तिस्म्यापर्यंत पोहोचायलाच त्यांना पाच वर्षे लागली आणि त्यानंतरही ती वाटचाल थांबली नाही. हा थ्रेड त्या संथ वाटचालीविषयी.

२/
एकोणिसाव्या शतकातील धर्मांतराच्या कथा बहुधा बाप्तिस्म्याच्या क्षणाकडे धावतात. शंका, वाद, ग्रंथवाचन, घरच्यांचा विरोध आणि अखेर पाण्याचा संस्कार, असा त्यांचा क्रम असतो. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४चा, पंडिता रमाबाईंचा १८८३चा. ही माणसे विद्वान होती. त्यांची लढाई मुख्यतः विचारांची होती. लक्ष्मीबाईंची लढाई पाण्याचा हंडा, चूल, पंगत आणि शेजारच्या माणसाचा स्पर्श यांच्याशी होती. तिथे वाद जिंकून भागत नाही. सवय बदलावी लागते, आणि सवय एका दिवसात बदलत नाही.

३/
त्या सवयीचे मूळ माहेरात होते. लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. १८५७च्या बंडानंतरच्या दडपशाहीची झळ या कुटुंबाला बसली होती आणि त्यानंतर वडिलांच्या सोवळ्याने पराकाष्ठा गाठली. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू त्यांना विटाळलेली वाटे. धुणे, शिंपडणे, शुद्ध करणे यांतच त्या घराचा दिवस जाई. विटाळाची भीती या मुलीला कोणी शिकवली नाही. ती घरातल्या हवेतच होती.

४/
अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झाले. नवरा कवी, वक्ता, बुद्धिमान. पण चंचल आणि तापट. नोकरी धरायची, सोडायची, न सांगता निघून जायचे, हे नेहमीचेच. पैसा हाती आला की घरच्या गरजेआधी बाहेरच्या गरजवंताकडे जाई. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख याच नवऱ्याने करून दिली, पण शिकवणी अनेकदा रागाच्या झटक्यात संपे. वाचता येऊ लागले तरी लिहिणे अवघडच राहिले. जोडाक्षरांशी त्यांचे कधीच पुरते सख्य झाले नाही.

५/
१८९३च्या सुमारास टिळक राजनांदगावच्या संस्थानात नोकरीसाठी निघाले होते. रेल्वेच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली. बोलणे संस्कृत काव्यावरून धर्मावर गेले. उतरताना वॉर्ड यांनी नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली आणि ती वाचण्याचे वचन घेतले. टिळकांनी शब्द पाळला. येशूचे डोंगरावरील प्रवचन त्यांच्या मनात खोल रुतले. दोन वर्षांत त्यांनी निर्णय घेतला. तो निर्णय त्यांचा एकट्याचा होता. त्याची किंमत मात्र दोघांना चुकवावी लागणार होती.

६/
त्या काळी ही किंमत काय होती? धर्म बदललेला पुरुष जातीबाहेर जाई. त्याच्या हातचे पाणी बंद, त्याच्याशी पंगत बंद. पत्नीपुढे दोनच वाटा उरत: नवऱ्यामागे जाऊन स्वतःची जात, माहेर आणि सासर गमावणे, किंवा नवरा जिवंत असताना एकटे जगणे. १८५०च्या कायद्याने धर्मांतरितांचे वारसाहक्क राखले होते. १८६६च्या कायद्याने, जोडीदार सोबत राहायला तयार नसल्यास, धर्मांतरिताला विवाह संपवण्याची वाट दिली होती. नव्या आयुष्याची ही वाट टिळकांपुढेही मोकळी होती. त्यांनी ती धरली नाही. ते वाट पाहत राहिले.

७/
लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला, म्हणजे पुढच्या देवदत्तला, घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. या वर्षांतला बराचसा काळ पंढरपुरात गेला. जिच्या नवऱ्याने धर्म सोडला आहे, अशी बाई विठ्ठलाच्या गावी राहते आहे. भोवतालच्यांची सहानुभूती खरी होती, पण तिला टोचणीही होती. लक्ष्मीबाईंचे दुःख त्यांच्या स्वतःच्या लेखणीतून आलेले असल्याने आज आपल्याला कळते. त्यांनी ते सुशोभित केलेले नाही. त्या रडल्या, आजारी पडल्या, नवऱ्यावर रागावल्या आणि तरीही त्याच्या पत्रांची वाट पाहत राहिल्या.

८/
इथे एक गैरसमज टाळायला हवा. पुढे लक्ष्मीबाईंच्या लेखनात जी कृतज्ञता दिसते, ती दुःख झाकणारी नाही. टिळकांच्या निर्णयाने आपल्यावर काय ओढवले, हे त्या स्पष्ट सांगतात. त्यांच्या चुका आणि लहरी यांची नोंद करताना त्या कुठेही हात आखडत नाहीत. पतिव्रतेच्या आदर्शाचा गुळगुळीत पुतळा त्यांच्या आत्मकथेत सापडत नाही. सापडते ती रागावणारी, हसणारी आणि स्वतःलाही न सोडणारी बाई.

९/
अखेर त्या नवऱ्याकडे गेल्या, पण ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. अमेरिकन मराठी मिशनचे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे १८३१पासूनचे मोठे केंद्र. टिळक तिथे काम करीत होते. लक्ष्मीबाई आल्या त्या आपले सोवळे सोबत घेऊनच. पाणी निराळे, स्वयंपाक निराळा. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू, आणि मूल दोघांच्या मध्ये. धर्मसभेतील वादविवादापेक्षा अशा संसारात रोज उठणारे प्रश्न अधिक अवघड होते. मुलाने बापाच्या ताटातले खाल्ले तर काय? पाहुणा आत आला तर काय? हंड्याला कुणाचा हात लागला तर काय?

१०/
या सगळ्यात टिळकांनी केलेली एक गोष्ट महत्त्वाची आहे. एरवी उतावळ्या असलेल्या या माणसाने पत्नीच्या श्रद्धेबाबत मात्र घाई केली नाही. तिचे सोवळे तिला सांभाळू दिले. ख्रिस्ताच्या शिकवणीत याला आधार सापडतो. मार्काच्या शुभवर्तमानात एका शेतकऱ्याचा दाखला आहे. तो बी पेरतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी उगवते आणि वाढते, पण कसे ते त्याला कळत नाही. आधी अंकुर येतो, मग कणीस, मग कणसात दाणा. मधला टप्पा गाळता येत नाही. टिळकांच्या घरात हा दाखला जणू प्रत्यक्षात घडत होता.

११/
मग एक दिवस जात गळून पडली. महाबळेश्वरच्या मुक्कामातली ही गोष्ट. सोवळ्याच्या पाण्यासाठी तिथे फार यातायात करावी लागे. त्या त्रासातून एक साधा विचार लक्ष्मीबाईंच्या मनात आला: जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती, तर पशुपक्ष्यांच्या जातींत दिसतो तसा फरक माणसांच्या शरीरांतही दिसला असता. पण जन्म, भूक, आजार, मरण सगळ्यांना सारखेच. तेव्हा हे माणसाचेच काम. कुणाच्याही हातचे खायचे, असा निश्चय त्यांनी केला.

१२/
या युक्तिवादात कोणत्याही ग्रंथाचे प्रमाण नाही, मिशनऱ्याचे प्रवचन नाही आणि नवऱ्याचा आग्रहही नाही. पाणी वाहून थकलेल्या एका बाईने स्वतःच्या अनुभवावरून काढलेला हा निष्कर्ष आहे. मागे पाहिले तर तो अचानक सुचल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याआधीची कित्येक वर्षे त्याच्या तयारीत गेली होती: वियोगाची, वेगळ्या चुलीची, आणि ज्यांना शिवायचे नाही त्या माणसांचा चांगुलपणा रोज डोळ्यांनी पाहण्याची.

१३/
क्रम लक्षात घ्या. आधी जातिभेद गेला, बाप्तिस्मा नंतर, म्हणजे १९०० साली आला. धर्मांतर म्हणजे आधी धर्म बदलणे आणि मग आचरण, असे आपण गृहीत धरतो. इथे आचरण आधी बदलले आणि विश्वास त्याच्यामागून चालत आला. म्हणूनच तो टिकला. टिळकांनी घेतलेली उडी मोठी होती; लक्ष्मीबाईंनी तेच अंतर पावलापावलाने तोडले, आणि प्रत्येक पाऊल त्यांचे स्वतःचे होते.

१४/
हा अनुभव एका ब्राह्मण स्त्रीचा आहे, हेही विसरता कामा नये. अहमदनगर भागातील ख्रिस्ती समाजात मोठा भाग पूर्वाश्रमीच्या महार आणि मांग कुटुंबांचा होता. त्यांच्यासाठी धर्मांतराचा अर्थ वेगळा होता: शाळा, मान, आणि गावगाड्यातील हीन कामांतून सुटका. लक्ष्मीबाईंना सोडावे लागले ते श्रेष्ठत्व. या कुटुंबांना मिळवायची होती ती समता. ज्यांच्या सावलीला माहेरी थारा नव्हता, त्यांच्या पंगतीला बसणे, हीच लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेची खरी परीक्षा होती.

१५/
ही परीक्षा बाप्तिस्म्याने संपली नाही. १८९९-१९००च्या भीषण दुष्काळाने अनाथ झालेली मुले मिशनच्या आश्रयाला आली. टिळकांच्या घरातही परक्या मुलांचा राबता वाढला. कोण कुणाचे, कोणत्या जातीचे, हा प्रश्न विचारण्यात अर्थ उरला नव्हता. त्यांना न्हाऊ घालायचे, खाऊ घालायचे, आजारपण काढायचे. ज्या हातांनी आयुष्याची पहिली तीस वर्षे स्पर्श टाळला, त्या हातांना आता दिवसभर हेच काम होते. मनाने घेतलेला निर्णय हातांच्या अंगवळणी पडला तो असा.

१६/
याच घरात एक मुलगा राहून गेला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी. टिळकांनी त्यांच्यातला कवी ओळखला आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखे सांभाळले. त्यांच्या आठवणींतले बालकवी पाठ्यपुस्तकातल्या छायाचित्रासारखे गंभीर नाहीत. खोडकर, हळवे आणि रुसणारे आहेत. ५ मे १९१८ रोजी रेल्वे अपघातात बालकवी गेले, तेव्हा वय तिशीच्या आतच होते. मराठी निसर्गकवितेच्या इतिहासात या स्वयंपाकघराचाही वाटा आहे.

१७/
टिळकांची ख्रिस्तभक्तीही याच काळात अधिकाधिक मराठी होत गेली. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणी आलो, अशी त्यांची धारणा होती. अभंग, कीर्तन, भजन या मार्गांनी त्यांनी उपासना मांडली. त्यांची गीते मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. विठ्ठलाच्या गावी एकट्या राहिलेल्या लक्ष्मीबाईंना ही भक्तीची भाषा परकी नव्हती. नव्या श्रद्धेसाठी आईची भाषा सोडावी लागली नाही, म्हणूनही तिथे मूळ धरणे सोपे झाले.

१८/
९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांच्या मागे एक अपुरे महाकाव्य उरले: 'ख्रिस्तायन'. ख्रिस्ताचे चरित्र मराठी काव्यात आणण्याचा हा संकल्प. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६चे. त्याच्या तीनशे वर्षांनंतरचा हा प्रयत्न. टिळकांच्या हातून जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. उरलेले काम जिने हाती घेतले, तिला जोडाक्षरे लिहिताना अडखळायला होत असे.

१९/
लक्ष्मीबाईंनी साठांहून अधिक अध्याय रचले. हे काम एका बैठकीचे नव्हते. संसार, दुखणी, मुलाच्या नोकरीमुळे कराचीपर्यंत झालेले स्थलांतर, या सगळ्यातून ओवीमागून ओवी जमत गेली. 'ख्रिस्तायन' पूर्ण रूपात प्रसिद्ध झाले १९३८ साली. ते पाहायला लक्ष्मीबाई नव्हत्या. पण नवऱ्याने लावलेल्या रोपाला त्यांनी वर्षानुवर्षे पाणी घातले होते. आणि हे पाणी वाहताना विटाळाची भीती नव्हती.

२०/
त्यांचे खरे स्मारक मात्र गद्यात आहे. टिळकांचे चरित्र लिहिण्यासाठी देवदत्तांना साहित्य हवे होते. म्हणून आईने आठवणी लिहायला घेतल्या. त्यातून 'स्मृतिचित्रे' हे आत्मकथन उभे राहिले. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत प्रसिद्ध झाले. बोलल्यासारखी भाषा, छोटी वाक्ये आणि दुःखाच्या अगदी शेजारी बसलेला विनोद. विद्वत्तेचा लवलेश नसलेले हे पुस्तक मराठी आत्मचरित्रांच्या अग्रभागी जाऊन बसले आणि अजून तिथेच आहे.

२१/
नाव पाहा: 'स्मृतिचित्रे'. चित्रे, म्हणजे सुटे सुटे प्रसंग. साक्षात्काराचा एक दिव्य क्षण घेऊन त्याभोवती आयुष्य रचण्याचा मोह लक्ष्मीबाईंना झाला नाही. देवाची कृपा त्यांना दिसते ती फसलेल्या स्वयंपाकात, अचानक आलेल्या पाहुण्यात, रिकाम्या डब्यात आणि तरीही पार पडलेल्या दिवसात. ख्रिस्ताने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली जाते ती त्या त्या दिवसापुरती. पैसा टिकत नसलेल्या घरात या मागणीचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नसेल.

२२/
कृतज्ञता म्हणजे काय, याचे एक उत्तर इथे मिळते. रोजची वाढ चालू असताना दिसत नाही. कालच्यापेक्षा आज आपण किती बदललो, हे कोणालाच मोजता येत नाही. साठी ओलांडलेल्या बाईने मागे वळून पाहिले, तेव्हा जलालपूरच्या सोवळ्यापासून अनाथ मुलांच्या पंगतीपर्यंतचे अंतर तिला एकाच नजरेत दिसले. हे अंतर आपण एकटीने कापले, असे तिने म्हटले नाही. राग, वियोग आणि दारिद्र्य यांचा हिशेब चोख ठेवूनही तिने शेवटी जमेच्या बाजूला देवाचे नाव लिहिले.

२३/
१९५० साली जोसेफिन इंकस्टर यांनी 'स्मृतिचित्रे'चे इंग्रजी भाषांतर केले. त्याचे नाव 'आय फॉलो आफ्टर'. वरवर पाहता त्याचा अर्थ 'नवऱ्यामागून जाणारी'. पण हेच शब्द जुन्या इंग्रजी बायबलमध्ये पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात येतात. मी अजून पोहोचलो नाही, पूर्ण झालो नाही, पण मागे लागलो आहे, असा तिथला भाव आहे. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या मागे गेल्या, हे खरे. त्याच्या पुढे जाऊनही त्यांची वाटचाल सुरूच राहिली, हे त्याहून खरे.

२४/
२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे निधन झाले. जिथे जन्म झाला त्या जलालपूरपासून हे ठिकाण काही मैलांवर. नकाशावर पाहिले तर आयुष्यभराचा प्रवास एवढाच. 'स्मृतिचित्रे' वाचले नसेल तर सुरुवातीचे सोवळ्याचे प्रसंग आणि महाबळेश्वरचा प्रसंग एकापाठोपाठ वाचा. मधल्या पानांत काय घडले, ते शोधण्यासाठी मग सगळे पुस्तक वाचावेच लागेल.

(समाप्त)